पाटलाचं पावणेदोन एकर

पाच गट आणि पाच उत्तरं. फळ्यावर एकाखाली एक लिहिलेली होती: एकोणऐंशी, पंचाहत्तर, बहात्तर, सहासष्ट, साठ. चौकोन एकच, चारही बाजूंची मापं सगळ्यांना सारखीच दिलेली, तरी एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना.

"बाई, गजाननच्या ग्रुपले गुणाकार येत नाही," मागच्या बाकावरून आवाज आला.

"तुले मोठा येते बे," गजानन म्हणाला.

मी खुर्चीत स्वस्थ बसले होते. पाचही गटांचा गुणाकार बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. पोरांना थोडं भांडू द्यायचं होतं. न भांडता शिकलेलं गणित परीक्षेपर्यंतसुद्धा टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

तेवढ्यात हेडमास्तर खेडकर सर दारात उभे राहिले. त्यांना वर्ग कसा हवा, तर टाचणी पडली तरी ऐकू येईल असा.

"तायडे बाई, हा दहावीचा वर्ग आहे की बाजार?"

"बाजारच आहे, सर. भाव ठरून राह्यला."

सर मान हलवत गेले. माझ्या गटकार्यावर त्यांचा पहिल्यापासून राग. ट्रेनिंग कॉलेजात हे खूळ माझ्या डोक्यात कोणीतरी भरलं, असं ते स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच म्हणायचे. मीही म्हणायचे की भरलं खरं, आता निघत नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, बस जिथून परत फिरते त्या गावात आमची शाळा. शाळा दहावीपर्यंतच होती. त्या वेळी मॅट्रिक म्हणजे अकरावी. ती करायची तर नांदुऱ्याला नाहीतर खामगावला जाऊन राहावं लागायचं. मुलगे जायचे. मुलींना कोण पाठवतंय?

अकरावीच्या परमिशनसाठी संस्थेची धडपड चालली होती. वर्गखोल्या होत्या, मास्तर होते. एका अटीवर गाडं अडलं होतं: शाळेच्या मालकीचं दोन एकर मैदान पाहिजे. मग झेंडावंदनाच्या दिवशी शालिग्राम पाटील उठून उभे राहिले. गावातले सगळ्यात मोठे शेतकरी, पांढऱ्या मिशा, आवाज असा की लाउडस्पीकर नको. त्यांनी नाल्याकाठचं आपलं वावर शाळेला देऊन टाकलं.

"दोन एकर," ते म्हणाले. "वर एक गुंठा आहे, थो पोट्ट्याईच्या खोड्याईले."

आणि कुणाला शंका राहू नये म्हणून त्यांनी चारही बाजूंची मापं तिथेच सांगितली. टाळ्या पडल्या. मी मात्र ती मापं मनात टिपून घेतली. गणिताच्या शिक्षकाची ही खोड असते, लग्नाच्या मांडवातसुद्धा तो खांब मोजतो.

मापं साखळीत होती. मीटर नवीनच आला होता, पण वावर अजून साखळीनेच मोजत. साखळी म्हणजे तेहेतीस फूट. तिचे सोळा भाग, एकेका भागाला म्हणायचं आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि गुंठ्याचेही सोळा आणे. चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे दोन एकर व्हायला ऐंशी गुंठे लागतात.

पाटलांची रस्त्याकडची बाजू अकरा साखळ्या, मागची नऊ. नाल्याकडची आठ साखळ्या दहा आणे आणि समोरच्या धुऱ्याची, म्हणजे शेजाऱ्याच्या वावराला लागून असलेल्या बांधाची, सात साखळ्या दहा आणे. आमच्या भागात अशा वावराचा हिशेब करायची एक जुनी रीत होती. समोरासमोरच्या बाजू मिळवायच्या आणि अर्ध्या करायच्या. अकरा आणि नऊ वीस, त्याचे अर्धे दहा. बाकीच्या दोन बाजू मिळून सोळा साखळ्या चार आणे, त्याचे अर्धे आठ साखळ्या दोन आणे. मग दोन्हींचा गुणाकार: सव्वाएक्याऐंशी गुंठे. झाले दोन एकर आणि वर गुंठा.

ही रीत बापाने मुलाला सांगितलेली. वावर काटकोनात असेल तर ती बरोबर उत्तर देते. वावर तिरपं असेल तर जास्त देते. कमी मात्र कधीच देत नाही. म्हणूनच ती इतक्या पिढ्या टिकली असणार. आपलं वावर मोठं निघालं म्हणून तक्रार घेऊन कोण येतं?

तर वर्गात मी तेच चार आकडे दिले होते. कोन मुद्दाम सांगितले नव्हते. प्रत्येक गटाला एक ग्राफ पेपर. एक कोपरा शून्यावर ठेवायचा, रस्त्याची बाजू आडव्या रेघेवर. बाकीचे कोपरे कंपासने काढायचे आणि प्रत्येक कोपऱ्याला दोन आकडे द्यायचे: शून्यापासून आडवं किती गेलो आणि तिथून उभं किती गेलो. बसथांब्यापासून सरळ इतकं जा, मग वळून इतकं जा, असा पत्ता आपण सांगतो ना, तसाच हा कोपऱ्याचा पत्ता. याला निर्देशक म्हणतात. ते कळले की बाजू, कर्ण, क्षेत्रफळ सगळं आकडेमोडीने निघतं, चित्र वाकडं आलं तरी बिघडत नाही. अभ्यासक्रमात ग्राफ फक्त रेघा ओढण्यापुरते होते. चौकोन मी माझ्या मनाने आत घुसवला होता.

पोरांचं भांडण पुरेसं झाल्यावर मी उठले.

"पाचही उत्तरं बरोबर आहेत," मी म्हणाले.

"अरे बाप्पा," गजानन म्हणाला. "मंग पेपरात कोनतं लिहाचं?"

"तीन बाजू सांगितल्या की त्रिकोण पक्का होतो. चार बाजू सांगून चौकोन पक्का होत नाही. तो ढिल्या बाजेसारखा एका अंगाला लवतो. बाजू तेवढ्याच राहतात, आतली जागा कमी होत जाते. कोणी कमी लववला, कोणी जास्त. म्हणून पाच उत्तरं. आणि एक बघा, एक्याऐंशी एकाचंही आलं नाही. येणारच नाही, कितीही खटपट करा."

धडा माझ्या मते तिथे संपला होता. मी डस्टर उचललं. तेव्हा मुलींच्या बाकावरून वत्सला उभी राहिली. वर्गात चार मुली, त्यातली ही सगळ्यात कमी बोलणारी. आणि ती शालिग्राम पाटलांची नात.

"बाई, मंग आबाजीचं वावर खरं किती आहे?"

वर्ग एकदम चिडीचूप झाला. खेडकर सरांना हवा होता तसा.

"मोजल्याशिवाय नाही सांगता येत," मी म्हणाले.

"मंग मोजू ना," ती म्हणाली.

ती हे का विचारते आहे ते गावाला माहीत होतं. तिच्या वडिलांनी, विठ्ठलरावांनी, मलकापूरकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. दहावी झाली की लग्न. परगावी मुलगी ठेवणार नाही, हे त्यांचं पक्कं. पाटील नातीच्या बाजूचे, पण मुलाशी रोजची भांडणं नकोत म्हणून त्यांनी एक तोड काढली होती. गावात अकरावी आली तर पोरगी शिकेल, नाही आली तर विठ्ठल म्हणेल तसं. म्हणजे त्या नाल्याकाठच्या वावरावर अकरावी अवलंबून होती, आणि अकरावीवर वत्सला.

मी खेडकर सरांकडे गेले. परमिशन द्यायला इन्स्पेक्टरसाहेब लवकरच येणार होते आणि सोबत मोजणीदार आणणार होते, हे सरांनीच आम्हाला सांगितलं होतं.

"सर, वावर आधी आपण मोजू."

"कायले? पाटलांनी भर सभेत सांगितलं."

"बाजू सांगितल्या. बाजूंवरून वावर कळत नाही. वावर तिरपं आहे, रस्त्यावरून जाताना डोळ्यांना दिसतं. ऐंशीला कमी भरलं तर?"

"बाई, धर्माची गाय अन् दात काऊन नाही, असं विचारत नसतात. उद्या पाटील म्हणाले की घ्या तुमची शाळा अन् चालते व्हा, तर मी कोणाच्या दारात जाऊ?"

"आणि मोजणीदाराने सगळ्या गावासमोर कमी काढलं तर पाटील कोणाच्या दारात जातील?"

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सर भित्रे होते, वाईट नव्हते. शेवटी म्हणाले, "रविवारी जा. शाळेचं नाव घेऊ नका. सहल म्हणा."

तर रविवारी आमची सहल निघाली. सामान म्हणजे तेहेतीस फुटांवर खूण केलेले दोर, खुंट्या आणि गाठींची एक दोरी. या दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारून बारा भाग केलेले. तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण ताणून धरला की काटकोन मिळतो. त्यासाठी यंत्र आणायला बाजारात जायला नको.

वर्गात ग्राफ पेपरवर केलं तेच इथे मातीवर करायचं होतं. रस्ता म्हणजे आडवी रेघ. तिच्यावरचा नाल्याजवळचा कोपरा म्हणजे शून्य. मागच्या प्रत्येक कोपऱ्यापासून रस्त्यावर काटकोनात दोर उतरवायचा. एका गटाने काटकोन सांभाळायचा, दुसऱ्याने दोर ताणायचा, तिसऱ्याने मोजायचं. चौथ्या आणि पाचव्या गटाने तेच सगळं पुन्हा करायचं आणि पहिल्यांना चूक म्हणायची संधी शोधायची. शेवटचं काम सगळ्यांनाच हवं होतं.

पहिल्या फेरीत मागची उंची एका गटाची सात साखळ्या, दुसऱ्याची साडेसात. गजाननच्या ग्रुपने दोर जमिनीवर सोडला होता आणि तो ढेकळांवरून वर-खाली होत गेला होता.

"दोर हवेत ताण," मी म्हणाले. "तू वावर मोजून राह्यला, ढेकळं नाही."

दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे सात आले. नाल्याकडचा मागचा कोपरा पाच आडवा, सात उभा. दुसरा कोपरा गंमतीचा होता. त्यापासून उतरवलेला दोर रस्त्यावर टेकला तो पाटलांच्या हद्दीच्या बाहेर, तीन साखळ्या पुढे, शेजाऱ्याच्या पराटीसमोर, म्हणजे कपाशीसमोर.

"बाई, पाटलाचा कोपरा लोकाच्या वावरासमोर कसा आला?"

"वावर लवलंय म्हणून," वत्सला म्हणाली. मला बोलावं लागलं नाही.

चौदा आडवा, सात उभा. मग मी पोरांना निर्देशकांवरून बाजू काढायला लावल्या, झाडाखाली बसून. मागची बरोबर नऊ. नाल्याकडची आठ साखळ्या दहा आणे. धुऱ्याची सात साखळ्या दहा आणे. पाटलांनी सभेत सांगितलेला एकेक आणा खरा निघाला. हे मी वहीत ठळक लिहून ठेवायला सांगितलं, कारण पुढे लागणार होतं.

मग क्षेत्रफळ. पुढची बाजू अकरा, मागची नऊ, दोन्ही एका दिशेने जाणाऱ्या. सरासरी दहा. त्यांच्यामधलं सरळ अंतर सात. दहा साते सत्तर गुंठे. एक एकर तीस गुंठे, म्हणजे पावणेदोन एकर. ऐंशीला दहा गुंठे कमी.

वत्सला ग्राफ पेपरची घडी घालत होती, ती परत उघडायची, परत घालायची. मला तिची दया आली नाही, घाई झाली. वेळ थोडा होता आणि वाट निघण्यासारखी होती.

"तुरीच्या तुराट्या मिळतील का?" मी तिला विचारलं.

संध्याकाळी मी पाटलांच्या ओसरीवर गेले. आम्ही बौद्ध, आणि त्या ओसरीवर मी आधी कधी चढले नव्हते. पाटलांनी खुर्ची दिली. चहा कपबशीत आला. हा कप घरातला की बाहेरच्यांसाठी वेगळा ठेवलेला, ते मी बघायला गेले नाही. मी गणित सांगायला आले होते. विठ्ठलराव खांबाला टेकून उभे होते.

"बसा, बाई. माहं वावर मोजून आले म्हने," पाटील म्हणाले.

"हो."

"कायची गरज पडली होती?"

"सरकारी माणसाने मोजण्याआधी आपण मोजलेलं बरं."

"मंग? किती भरलं?"

मी जपून सांगायचं ठरवलं होतं. पण जपून बोलणं मला जमत नाही.

"पावणेदोन एकर."

पाटलांच्या मिशा हलल्या. "म्हंजे मी लोकाईत खोटा बोललो?"

"तुमच्या चारही बाजू आण्यापर्यंत खऱ्या आहेत. आम्ही तपासल्या. तुम्ही खोटं नाही बोललात, तुमची रीत खोटं बोलली."

"ह्याच रीतीनं माह्या बापानं वावरं घेतले. आज्यानं घेतले."

"मग तीही एकदा मोजून बघा."

हे मी बोलायला नको होतं असं विठ्ठलरावांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते पुढे आले. "बाबा, जाऊ द्या. देलं तेवढं देलं. फुकट देऊन वरून हे आयकाचं? नाही आली अकरावी तं नाही आली."

त्यांच्या आवाजात राग कमी आणि सुटका जास्त होती. ती मला ऐकू आली, आणि आतल्या दारात उभ्या असलेल्या वत्सलालाही आली. ती बाहेर आली. हातात चार तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या होत्या, कोपऱ्यांना सुतळीने बांधलेल्या. बाजू तिने मापात तोडल्या होत्या: साखळीला दोन बोटं.

"तू बी हाये काय यांच्यात?" पाटील म्हणाले.

"आबाजी, पह्यले हे पाहा."

तिने तो चौकोन सारवलेल्या जमिनीवर ठेवला, जितका मोकळा होईल तितका मोकळा केला. मग सुपातली ज्वारी आणली आणि आत एकेरी थराने पसरली, कडेपर्यंत. एकावर एक दाणा नाही, जागा रिकामी नाही. पाटील बघत होते. वत्सलाने एक कोपरा धरून चौकोन हळूहळू एका अंगाला लववला. दाणे एकमेकांवर चढायला लागले आणि तुराट्यांच्या वरून बाहेर सांडले.

"बाजू तं तेवढ्याच," पाटील म्हणाले.

"हाव."

"मंग दाने कायले बाहीर आले?"

"जागा कमी झाली म्हणून."

पाटील बाजेवरून उतरले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी चौकोन आपल्या हातात घेतला. लववला, सरळ केला, परत लववला. शेवटी इतका दाबला की समोरासमोरच्या तुराट्या जवळजवळ एकमेकींना लागल्या आणि आत मूठभर दाणे उरले.

"चारी बाजू शाबूत," ते म्हणाले, "अन् वावर गायब." मग माझ्याकडे बघून, "माहे दहा गुंठे कुठं गेले, बाई?"

"कुठंच नाही गेले. ते पहिलेपासूनच नव्हते."

हे त्यांना लागलं. बराच वेळ ते दाणे गोळा करत राहिले, एकेक करून, सुपात. माझा चहा निवला. मग ते उठले.

"दोन बोललो तं दोनच भरून देतो."

"कुठून द्यान?" विठ्ठलराव म्हणाले. "पुढं रस्ता. एका अंगाले नाला, दुसऱ्या अंगाले लोकाचं वावर. मांगं सरकाव म्हनान तं मांगं लागूनच आपली वीर आहे. शाळेले वीर देता काय? वलीत कायच्या पान्यानं करू?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. विहीर मागच्या हद्दीला लागून होती, नाल्याकडच्या कोपऱ्याजवळ. मागची हद्द सगळीच्या सगळी मागे सरकवली तर विहीर शाळेत जात होती. पाटलांनी माझ्याकडे बघितलं. मी वत्सलाकडे. उत्तर मला माहीत होतं, पण हा पिरियड माझा नव्हता.

तिने ग्राफ पेपर उलगडला. पेन्सिलीने विहीर दाखवली, बिंदू काढून.

"आबाजी, सगळी हद्द नाही सरकवायची. विहिरीजवळची खुंटी आहे तिथंच राहू द्या. फक्त दुसरी खुंटी धुऱ्याधुऱ्यानं मांगं न्यायची. मंग हा एक तिकोन वाढते. त्याचा पाया नऊ साखळ्या. त्याले दहा गुंठे पाह्यजेत." ती थांबली, बोटांवर काहीतरी केलं. "उंची सव्वादोन साखळ्या. नऊ गुणिले सव्वादोन, त्याचं अर्ध. दहाच्या वर थोडंसं. अन् नवी हद्द विहिरीच्या अलीकडून जाते."

"वीर वाचते?" पाटलांनी विचारलं.

"वाचते."

विठ्ठलरावांनी कागद हातात घेतला. त्यांना शेतीचं डोकं होतं, नकाशा लगेच समजला. चूक सापडते का ते त्यांनी प्रामाणिकपणे शोधलं. सापडली नाही. कागद परत देताना त्यांनी मुलीकडे असं बघितलं, जणू ही आपल्या घरात कधीपासून राहते आहे, हे ते आठवत असावेत.

"हे तुले कोनं शिकवलं?"

"आमच्या ग्रुपनं काढलं," वत्सला म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खुंटी हलली. पाटील स्वतः उभे होते, आणि दोर जमिनीला लागला की गजाननला माझ्याआधी तेच ओरडत होते.

इन्स्पेक्टरसाहेब आले ते पुण्याकडचे. स्वच्छ कपडे, स्वच्छ भाषा. आमची पोरं बोलली की ते किंचित हसायचे. मोजणीदाराने शंकू आणि साखळी लावून वावर मोजलं. शंकू म्हणजे काटकोन साधायचं लाकडी यंत्र, आमच्या गाठींच्या दोरीचा शिकलेला भाऊ. खेडकर सर घाम पुसत होते. मी पुसत नव्हते. आम्ही तीनदा मोजलं होतं.

"दोन एकर," मोजणीदार म्हणाला. "वर दोन आणे."

इन्स्पेक्टरसाहेबांना आश्चर्य वाटलं. "दानाची जमीन इतकी नेमकी कधी भरत नाही. हे मोजलं कोणी?"

"आमच्या शाळेत गटकार्यावर पहिल्यापासून भर आहे," खेडकर सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. साहेबांनी मुलांना बोलावलं आणि वत्सलाला विचारलं की ही मागची हद्द अशी तिरकी का. तिने तिच्या बोलीत सगळं सांगितलं, मले-तुले करत, विहिरीसकट. साहेब या वेळी हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातली काडी घेतली आणि मातीत तो त्रिकोण स्वतः काढून बघितला.

अकरावीची परमिशन आली. पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण गावाला आपली रीत होती.

लोकांनी नव्या खुंट्या बघितल्या आणि नव्या बाजू मोजल्या. मागची बाजू आता सव्वादहा साखळ्यांजवळ गेली होती, धुऱ्याची दहाच्या वर. मग रीतीप्रमाणे मिळवलं, अर्ध केलं, गुणलं. नव्व्याण्णव गुंठे आले. म्हणजे अडीच एकराला एकच गुंठा कमी. दोन दिवसांत गावभर झालं की पाटलांनी दोन बोलून अडीच दिले, आणि सरकारी माणसाने कागदावर अर्धा एकर खाल्ला. संस्थेच्या लोकांनी तर मैदानाच्या फाटकाजवळ बसवायचा दगडही घडवून आणला: शालिग्राम पाटील यांनी शाळेस अडीच एकर जमीन दान दिली.

दगड बसवायच्या दिवशी सगळे जमले होते. पाटलांना लिहिता-वाचता यायचं, पण सावकाश. त्यांनी दगड वाचला. आम्ही बघत होतो. फुकटचा अर्धा एकर, तोही दगडात कोरलेला, आणि गावातल्या एकालाही त्यात खोट दिसत नव्हती. मला वाटलं, गप्प बसतील. त्यांच्या जागी मी असते तर मीही बसले असते का, कोण जाणे.

"पाथरवटाले बोलवा," पाटील म्हणाले. "अडीच खोडा, दोन करा."

"मामा, अडीचच भरते," कुणीतरी म्हणालं. "आम्ही मोजलं."

"चार बाजू मोजल्या तुमी. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी दोरी धरली काय?"

कोणी धरली नव्हती.

"धरा, मंग या."

एका तिरप्या दोरीने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तो पक्का होतो, हा धडा मी वर्गात घेतला होता, पाटलांच्या ओसरीवर नव्हता. तो त्यांच्यापर्यंत घरातूनच पोचला असणार.

वत्सला मॅट्रिक झाली, गावातच, आणि चांगले मार्क मिळवून. मलकापूरच्या स्थळाने वाट बघितली नाही, त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. तुराट्यांचा तो चौकोन पाटलांच्या ओसरीवर खुंटीला टांगलेला असायचा. वावराची बोलणी करायला कोणी आला की पाटील आधी तो खाली काढत आणि सुपात ज्वारी मागवत. बोलणी लांबायची, पण भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही.

खेडकर सर रिटायर होईपर्यंत गटकार्याला बाजारच म्हणत राहिले. फक्त बाहेरचं कोणी आलं की आधी माझा वर्ग दाखवायचे.

माझं म्हणाल तर पुढे अनेक वर्षं मी हा चौकोन शिकवला. एखाद्याच्या चारही बाजू खऱ्या असतात आणि तरी हिशेब चुकतो, तेव्हा त्याला खोटारडा म्हणायची घाई करू नये, एक तिरपी दोरी धरून बघावी, एवढंच सांगायचे. पोरांना ते पटायचं नाही. मग मी त्यांना मैदानाच्या फाटकाशी नेऊन तो दगड दाखवायचे. 'दोन' हा शब्द त्याच्यावर थोडा खोलगट दिसतो, कारण त्याच्याखाली 'अडीच' खोडलेलं आहे.